आपोआप लागणारं दार

विमानतळावर मला घ्यायला कोणी आलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच बिघडत गेलं.

माझं माहेर कंधारचं, सासर लातूरचं. कंधार आणि लातूर या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर माझा जन्म गेला म्हणलं तरी चालेल. पार देवदर्शनाला गेले तरी रात्री घरी मुक्कामाला परत. अशी बाई एकदम जर्मनीला गेली, ती लेकीच्या बाळंतपणासाठी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. पण लेक फोनवर म्हणाली, "आई, डॉक्टर आता विमानात बसू नको म्हणतात. तूच माहेर घेऊन ये इकडं."

मग मी माहेर बॅगेत भरलं. अळिवाचे लाडू, डिंक, बाळंतशोपा, ओवा, रांगोळीची पुडी आणि माझी एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. बाळाला पहिल्यांदा नव्या कपड्यात गुंडाळत नाहीत, जुन्याच मऊ कापडात घेतात. ती बॅग मधेच आखातातल्या कुठल्यातरी विमानतळावर राहिली. पट्टा फिरत राहिला, लोक आपापल्या बॅगा उचलून गेले, शेवटी मी आणि एक कुणाची तरी लाल छत्री, दोघीच उरलो. खिडकीतल्या पोरीला मी हातानं बॅगेचा आकार करून दाखवला. तिनं मान हलवली आणि लई गोड हसली. हसण्यानं बॅग येत असती तर काय पाहिजे होतं!

बाहेर आले तर जो तो कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडत होता. माझ्यासाठी कोणी नाही. माझा फोन तिथं चालत नव्हता. मी एका खांबाला टेकून उभी राहिले. मनात नको ते यायला लागलं. लेकीला मी एकच वचन दिलं होतं. तिला कळांची भीती नव्हती, तिची भीती वेगळीच होती. "आई, मी इथं ऑफिसात दिवसभर जर्मन बोलते," ती म्हणाली होती, "पण दुखताना मला जर्मन येत न्हाई गं." मी म्हणलं, "डॉक्टरला कोणत्या भाषेत बोलायचं ते बोलू दे. तुझ्या उशाशी मी असेन, तुझ्याशी मी बोलीन." एवढ्यासाठीच मी आले होते, लाडू-बिडू सगळं नंतरचं.

शेवटी जावई पळत पळत आले. तोंड पांढरं पडलेलं. "मामी, तिचं बीपी वाढलं. दवाखान्यात ठेवलंय. मी तिथनंच येऊन राहिलो."

"मग आधी तिकडंच चला."

"भेटायची वेळ संपली मामी. आता फक्त नवऱ्याला सोडतात. उद्या सकाळी."

आपल्याकडं दवाखान्यात वॉचमनला दोन शब्द गोड बोललं की आत सोडतात. इथं कुणाशी बोलू आणि काय बोलू?

गाडीतून मी ते शहर पहिल्यांदा बघितलं. संध्याकाळचे सहा वाजले नव्हते तोवरच रात्रीसारखा अंधार पडला. रस्ते धुतल्यासारखे स्वच्छ, पण हॉर्न नाही, कुत्रं नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. माणसं चालत होती, ती सगळी खाली बघून. सगळ्या खिडक्या बंद, सगळी दारं बंद. आमच्या गल्लीत एवढी शांतता फक्त मयत उठल्यावर असते. जावयाला विचारणारच होते की इथं कुणाचं काही झालंय का, पण त्या पोराच्या डोक्याला आधीच कमी ताप नव्हता.

घर तिसऱ्या मजल्यावर. जावयानं घाईघाईत मला सगळं दाखवलं. ज्वाळ नसलेली शेगडी, गरम पाण्याचा नळ. माझ्या फोनमध्ये तिथलं कार्ड घालून दिलं. "हा फोन जवळ ठेवा. काही झालं की मी फोन करतो, मग गाडी पाठवतो." आणि बूट घालता घालता म्हणाले, "आणि मामी, दार आपोआप लागतं बरं का." मी म्हणलं, बरंच झालं, कडी लावायची कटकट मिटली. ते परत दवाखान्यात गेले.

सकाळी उठले तरी बाहेर अंधारच. चहा केला, पण एकटीनं पिववेना. लातूरला सकाळचा चहा मी कधी एकटीनं घेतलेला नाही. शेजारची येते, दूधवाला टेकतो, ह्यांचे कुणीतरी मित्र येतात. आमच्याकडं दिवसा दार उघडंच असतं. दिवसा दार लावलं तर लोक येऊन विचारतात, काय हो, घरात कुणी आजारी आहे का? इथं मी कप घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि समोरच्या सगळ्या बंद खिडक्या बघत राहिले. एकटेपणा म्हणतात तो हाच, एवढं कळलं. लई रडू आलं. बॅगेसाठी नाही, उगंच.

तेवढ्यात फोन वाजला. जावई. "कळा सुरू झाल्यात मामी, पण पुढं सरकून न्हाई राहिलं. डॉक्टर म्हणतात वाट बघू. तुम्ही तयार राहा, मी परत फोन करतो."

पुढं सरकेना. म्हणजे अडली.

आता जे सांगते त्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. मी आयुष्यभर अंगणवाडीत काम केलं. गावातल्या बायकांना ओरडून ओरडून सांगितलं की बाळंतपण दवाखान्यात करा, जुन्या समजुती सोडा, गंडेदोरे नको, अंगारे नको. आणि त्या सकाळी मला आठवलं काय, तर कंधारला माझी आजी काय करायची ते. गल्लीत एखादी बाई अडली की आजी घरभर फिरून सगळं उघडायची. कुलपं काढायची, पेट्यांची झाकणं उघडायची, कणग्यांची तोंडं मोकळी करायची, दोरीच्या गाठी सोडायची, स्वतःचा अंबाडासुद्धा सोडायची. घरात काही बंद राहिलं तर तिकडं बाईची वाट बंद राहते, असं ती म्हणायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

मी उठले आणि उघडायला लागले. कपाटं उघडली. स्वयंपाकघरातले सगळे कप्पे उघडले. मसाल्याच्या बरण्यांची झाकणं काढली. माझ्या पर्सची चेन उघडली. कपडे धुण्याच्या यंत्राचं गोल दार उघडलं. जावयाच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. माझे केस सोडले. खिडक्या उघडल्या, तशी बर्फासारखी हवा आत आली. आणि शेवटी बाहेरचं दार सताड उघडलं.

दार उघडल्यावर उंबरा दिसला. कोरा. ज्या घरी बाळ यायचंय त्या घरचा उंबरा कोरा? रांगोळी तर बॅगेबरोबर परमुलखात गेलेली. मी आतून तांदळाचं पीठ आणलं, बाहेर जिन्याच्या फरशीवर उकिडवी बसले आणि चार ठिपके मांडले. पाचवा मांडायच्या आत खिडकीतून वारा आला आणि दार धाडकन लागलं.

मी मूठ धरून ढकललं. ओढलं. ते कशाला उघडतंय? आपोआप लागतं म्हणजे आपोआप उघडत नाही, हे मला तेव्हा कळलं. एक किल्ली जावयाकडं, दुसरी लेकीच्या पर्समध्ये दवाखान्यात. मी बाहेर, अनवाणी, केस मोकळे, हाताला पीठ. आणि आत फोन वाजायला लागला.

माझा फोन. लेकीनंच लावून दिलेली आरती, तीच वाजत होती. मी दाराला कान लावला. वाजली, वाजली, थांबली. परत वाजली. मी दारावर हात आपटले, जसं काही आतून कुणी उचलणारच होतं. "अगं आले, आले गं!" असं मोठ्यानं म्हणलं मी, वेड्यासारखं. तिसऱ्यांदा वाजून थांबली ती थांबलीच. मग जिन्यातला दिवाही आपोआप विझला.

त्या अंधारात माझ्या मनानं घेतलं की घरातलं सगळं उघडलं आणि नेमकं हेच दार मी माझ्या हातानं बंद केलं. या दारामुळंच तिकडं लेक अडली. तुम्ही मला कितीही शिकलेली म्हणा, त्या वेळी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

शेजारच्या दाराची बेल वाजवली. आतून पावलं आली, दाराच्या भोकात काहीतरी हललं, कुणीतरी बघितलं. आणि पावलं परत गेली. राग आला, पण काय करता! मोकळ्या केसांची, पांढऱ्या हातांची बाई दाराशी उभी बघून मीसुद्धा कडी लावली असती.

खालच्या मजल्यावर उतरले. तिथं एका म्हातारीनं दार उघडलं, तेही साखळी लावून चार बोटं. सत्तरीच्या पुढची असेल, अंगात जाड लोकरी झगा. मी हातानं सांगायला लागले. वर बोट दाखवलं, दार लागल्याची खूण केली, पोटावरून हात फिरवला, हातात बाळ हलवून दाखवलं, कानाशी फोन धरला. तिचे डोळे मोठे झाले. वरच्या घरात बाळ एकटं अडकलंय असं तिला वाटलं! ती घाबरून फोन उचलून पोलिसांना की अग्निशमनवाल्यांना लावायला निघाली. मी दोन्ही हात जोडले. "नको हो बाई, नको!" म्हणलं, आणि फोन माझ्याकडं मागितला.

फोन हातात आला आणि मी थिजलेच. जावयाचा नंबर? लेकीचा? सगळे नंबर फोनमध्ये, फोन दाराआड. मला जन्मात एकच नंबर पाठ, तो ह्यांचा. जर्मनीतून दवाखाना शोधायचा तर आधी लातूर गाठायचं, आता बोला!

म्हातारीनं भारताचा आकडा लावून दिला. पलीकडून ह्यांचा आवाज, मागं दूरदर्शन चालू. "कोण पायजे?"

"अहो, मी हाय."

"पोचलीस का? काल फोन न्हाई केलास ते?"

"आधी ऐका. मी घराच्या बाहेर अडकलेय. दार लागलं."

"मग मागच्या दारानं जा की!"

मागचं दार! तिसऱ्या मजल्याला! लातुरात बसून हे उंटावरून शेळ्या हाकत होते. मी अशी काही ओरडले की समोरची म्हातारी दोन पावलं मागं सरली. मग मात्र ह्यांना कळलं. "थांब, जावयाला लावतो, ह्याच नंबरवर फोन कर म्हणतो," असं म्हणून त्यांनी ठेवला.

ती वाट बघणं मी विसरणार नाही. म्हातारीनं माझ्या पायांकडं बघितलं, आत गेली आणि लोकरीचे मोजे घेऊन आली. दाराची साखळी तिनं काढली होती. मी मोजे चढवले.

जावयाचा फोन आला. आधी ते म्हातारीशी तिच्या भाषेत बोलले. मग मला म्हणाले, "मामी, त्या बाई किल्लीवाल्याला बोलावतायत. मी येऊ का तिकडं?"

"तिथनं पाऊल हलवायचं न्हाई!" मी म्हणलं. "मीच येते, गाडी पाठवा."

"तुम्ही येईस्तोवर…" ते अडखळले. "शहराच्या दुसऱ्या टोकाला हाय हे. आता वेळ भरलीय, डॉक्टर घाई करून राहिलेत. आणि ती… ती कुणाचंच ऐकून न्हाई राहिली. तुम्हालाच मागतेय. आम्ही किती फोन केले."

मी जिन्याच्या पायरीवर खाली बसले. मग म्हणलं, "तिच्या कानाला लावा फोन."

आधी नुसता श्वास ऐकू आला. धापा टाकणारा. मग, "आई… आई गं, कुठं हायस तू?"

"इथंच हाय. तुझ्या उशाशीच हाय समज."

"मला न्हाई जमत."

"न जमायला काय झालं? तोंड मिटून घेऊ नको. ओरड. खुशाल ओरड, तिथं तुला कोण वळखतंय!"

ती ओरडली. अशी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला, आणि म्हातारीनं छातीवर हात ठेवला. मी बोलत राहिले. काय बोलले ते सगळं सांगता येणार नाही. कंधारच्या किल्ल्यात लहानपणी भिंतीवर चढून बसली होती आणि खाली उतरायला घाबरली होती, ते सांगितलं. तेव्हाही मी खालीच उभी होते, वर येता येत नव्हतं, आणि एक एक पाय कुठं ठेवायचा ते खालून सांगत होते. "तसंच आता," म्हणलं. "आता हा पाय. आता श्वास. आता जोर लाव, माझे बाई." ती शिव्या द्यायला लागली, अस्सल लातूरच्या. मला इतकं बरं वाटलं! मराठीत दुखत होतं तिला. एव्हाना म्हातारी आतून खुर्ची घेऊन आली होती. पण मी पायरीवरच म्हणून तीही शेवटी खुर्ची सोडून माझ्याशेजारी पायरीवर बसली. आपलं दार लागू नये म्हणून तिनं त्यात चप्पल अडकवली होती.

आणि मग फोनमधून रडण्याचा आवाज आला. लेकीचा नव्हे. बारीक, चिडका, नवा.

मी म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. वर माझं दार बंदच होतं. किल्लीवाला त्यानंतर आला, एक पातळ पट्टी फटीत घातली आणि चुटकीसरशी उघडलं. आत सगळी कपाटं आ वासून उभी होती. किल्लीवाल्याला वाटलं चोरी झाली. त्याला काय समजावू?

दवाखान्यात गेले तेव्हा नात काचेच्या पेटीत नव्हती, लेकीच्या अंगावरच होती, नव्या कोऱ्या कपड्यात. मी अंगावरचा पदर काढून तिला त्यात घेतलं. तोही जुनाच होता. दाराची सगळी कहाणी सांगितली तेव्हा लेक टाके दुखेपर्यंत हसली. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले.

"आई," ती म्हणाली, "इथं आले त्याच महिन्यात मी पण अशीच अडकले होते. कचरा टाकायला गेले आणि दार लागलं. हे येईपर्यंत दिवसभर जिन्यात बसून होते. कुणाचं दार वाजवायचा धीर झाला न्हाई."

"मला सांगितलं न्हाईस ते?"

"संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, जेवलीस का? मी म्हणलं, हाव, जेवले."

मला तो फोन आठवत नाही. असे किती फोन झाले. प्रत्येक वेळी मी विचारलं, जेवलीस का, आणि ती हाव म्हणाली, आणि मी लातुरात निवांत झोपले. मी एक सकाळ त्या दाराबाहेर काढली तर माझा जीव टांगणीला लागला. ही पोर इतकी वर्षं तिथं राहत होती. याचं मला जे वाईट वाटलं ते अजून गेलेलं नाही.

बॅग नंतर आली, लाडवांचा भुगा झालेला. तोच दुधात शिजवून तिला दिला. एक वाटी खालच्या म्हातारीलाही नेली. तिनं वास घेऊन खाल्ला, आणि तेव्हापासून अधूनमधून वर यायची, नातीला मांडीवर घेऊन बसायची. लेकीनं माझ्यासाठी किल्ली करवून आणली आणि नाडीत ओवून माझ्या गळ्यात घातली, मंगळसूत्राशेजारी. "आता कुठं जायचं तिकडं जा," म्हणाली. मी रोज सकाळी बाहेर ठिपके मांडायची, किल्ली चाचपून. शेजारच्या भोकातून कुणीतरी बघायचं. मी त्या भोकाला नमस्कार करायची.

निघायचा दिवस आला. जावई बॅग घेऊन खाली गेले. लेक नातीला घेऊन दाराशी उभी. फार बोललो नाही आम्ही. मी पायरी उतरले आणि मागं दार लागलं, नेहमीसारखं, आपोआप. मी थांबले. आतून लेकीच्या रडण्याचा आवाज येत होता. तिला वाटलं मी खाली गेले.

या वेळी किल्ली माझ्या गळ्यात होती. हात गेलाच होता. पण उघडलं असतं तर मी तिथून निघालेच नसते, हे मला ठाऊक होतं. मी दारावर तळहात टेकवला आणि खाली उतरले.

विमानतळावर तपासणीच्या कमानीतून जाताना यंत्र ओरडलं. पोरीनं माझ्या गळ्याकडं बोट दाखवलं. तपासणी होताच लेकीला फोन लावला. "अगं, किल्ली माझ्याकडंच राहिली की!"

ती म्हणाली, "माहीत हाय. मी मुद्दामच मागितली न्हाई."